होर्मुझच्या गावदेवाला आवतण

प्रवासवर्णन लिहिणारा मराठी माणूस सहसा इथून निघतो आणि तिकडचं काहीतरी पाहून थक्क होतो. माझा प्रवास उलटा झाला. मी बावीस वर्षं रॉटरडॅमला राहतो, आणि थक्क व्हायला मला अंबरनाथला यावं लागलं. ज्यांनी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावं फक्त कर्जतकडे जाताना फलाटावर वाचली आहेत, त्यांच्यासाठी परत आल्यावर हे लिहितो आहे. तिथे उतरण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटत असणार. मलाही वाटायचं, आणि मी तर अंबरनाथलाच वाढलो.

माझी नोकरी आधीच सांगतो, कारण पुढे तिच्यामुळे माझी बरीच अडचण झाली. मालवाहू जहाजांचा विमा उतरवणाऱ्या एका कचेरीत मी जोखीम मोजतो. कुठल्या समुद्रात, कुठल्या आठवड्यात, जहाज बुडण्याची, पकडलं जाण्याची किंवा पेटण्याची शक्यता किती, हे टक्क्यांत सांगायचं. जगाच्या बातम्यांनी लोक अस्वस्थ होतात. आम्ही कामाला लागतो. अलीकडे आम्हाला काम फार आहे.

रजा काढली ती शाळेतला मित्र काशिनाथ याच्या मुलाच्या लग्नासाठी. काशिनाथ पालेगावचा आगरी. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी त्याला गणितं दाखवायचो आणि तो मला डब्यातली सुकट द्यायचा. या व्यवहारात फायदा माझाच झाला, हे मला परदेशी गेल्यावर कळलं.

गुरुवार, पालेगाव

मी शेवटचं पाहिलं तेव्हा पालेगावात भात उभं होतं. आता इमारती उभ्या आहेत, आणि सगळ्यांची नावं युरोपातली आहेत. युरोपातून आलेल्या माणसाला त्यांतली एकही जागा ओळखीची वाटली नाही. मधूनच एखादा बांध, एखादं जांभळाचं झाड शिल्लक आहे, आणि त्याला टेकून जाहिरात: 'निसर्गाच्या कुशीत'.

नाक्यावर लग्नाचा बॅनर होता. दुमजली घराएवढा. मधे नवरा मुलगा रोशन पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर कप्तानाची टोपी, खाली 'दर्याचा राजा'. चहूबाजूंनी शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, निम्म्यांना काळे चष्मे. प्रत्यक्षात रोशन एका तेलवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना वंगण घालणारा, आहे. त्याला समुद्र दिसतो तो पाळी संपल्यावर. त्याच्या पाठीमागे बॅनरवर एक जहाज होतं. मी दोनदा पाहिलं.

"काशा, हे लढाऊ जहाज आहे."

"हां, मंग? भारी दिसतंय ना?"

"त्याच्यावर तोफा आहेत."

"आमचे पोऱ्याचे लग्नान कोन आडवा येनार?" काशिनाथ म्हणाला आणि माझी बॅग उचलून चालायला लागला.

हॉलंडमध्ये लग्नाच्या पत्रिका तीन प्रकारच्या असतात. काहींना फक्त नगरपालिकेतल्या सहीला बोलावतात, काहींना जेवायला, आणि उरलेल्यांना जेवण झाल्यावर. आपण कुठल्या वर्गात आहोत हे पत्रिकेवर छापलेलं असतं आणि कोणी रागावत नाही. काशिनाथच्या घरी पोचलो तेव्हा मांडवात चाळीस माणसं जेवत होती आणि लग्न रविवारी होतं. तांदळाचे वडे, मटणाचा रस्सा, वालाचं बिरडं. ताटावर बसल्यापासून उठेपर्यंत मी 'पुरे' हा शब्द अकरा वेळा वापरला; त्याचा या घरात काय अर्थ होतो ते मला अजून कळलेलं नाही.

जेवताना प्रत्येकाच्या मांडीवर मोबाइल होता. जगातली जहाजं नकाशावर दाखवणारं ॲप असतं. मी ते कचेरीत दिवसभर पाहतो. पालेगावात ते शेंगदाणेवाल्याच्याही फोनवर होतं. तेलवाहू जहाज त्यात लाल बाणासारखं दिसतं. रोशनचं जहाज हा 'आपला बाण' होता. बेत असा: बाण आखातात आहे, तो शुक्रवारी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडणार, फुजैराच्या बंदराला लागणार, तिथे रोशन उतरणार, शनिवारी सकाळी विमानाने मुंबईत, संध्याकाळी हळद, रविवारी लग्न. या वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि दोन आठवड्यांपूर्वी आखातात पुन्हा पेटलं होतं.

रोशनची आई वनिता वहिनी माझ्या ताटात वडा टाकत म्हणाल्या, "भावजी, तुमचा तं यातलाच काम. येल ना वो तो?"

"येईल," मी म्हटलं. कचेरीत हेच सांगायला मला तीन पानं आणि दोन तळटीपा लागल्या असत्या.

शुक्रवार, उल्हासनगर

सकाळी काशिनाथ मला उल्हासनगरला घेऊन गेला. शेरवानी आणायची होती. आधी एका गाडीवर उभं राहून दाल-पकवान खाल्लं. कुरकुरीत पुरी, त्यावर हरभऱ्याची डाळ, चिंचेचं पाणी, कच्चा कांदा. रॉटरडॅमला माझी शेजारीण कॉफीबरोबर एक बिस्किट देते आणि डबा बंद करते. तो आवाज मला बावीस वर्षांत सवयीचा झाला आहे. इथे गाडीवाल्याने न विचारता दुसरी पुरी ठेवली आणि "खाओ साईं, पतले हो," असं म्हणून माझ्याबद्दलची एकमेव चुकीची बातमी त्या आठवड्यात पसरवली.

शेरवानीच्या दुकानाचे सिंधी मालक सत्तरीचे होते, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल.

"दूल्हा किधर है?"

"जहाज पे हाय, दादा. उद्या येनार," काशिनाथ म्हणाला.

"मेरा भी कपडा जहाज पे है. दुबईसे. दो हफ्ते से बोलते हैं, उद्या येणार. देखते हैं, तुम्हारा लडका पहले आता है के मेरा माल."

रोशनची उंची माझ्याएवढी, म्हणून माप बघायला मला उभं केलं. मोतिया रंगाची शेरवानी, डोक्यावर तुरा असलेला फेटा. चौथ्या बटणाशी काम थांबलं. दादा एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "पेट छोड के सब बराबर है."

मी आरशात स्वतःकडे पाहत होतो. मागे आरशातच काशिनाथ दिसत होता. तो फोन बघत होता. त्याने फोन हलवला, खिशाला पुसला, परत पाहिला.

"अव्या, बान गेला."

नकाशावर सामुद्रधुनीच्या तोंडाशी इतर आठ-दहा बाण होते. आपला नव्हता. काशिनाथने घरी फोन लावला. तिथेही सगळ्यांच्या फोनवरून तो एकाच वेळी गेला होता. रोशनला फोन लावला, लागला नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे होतं, हेच दुर्दैव. धोक्याच्या पाण्यातून जाताना जहाजं आपली जागा सांगणारं यंत्र मुद्दाम बंद करतात, म्हणजे कोणाला नेम धरता येऊ नये. फोनही बंद ठेवायला लावतात. पण जहाजाला काही झालं तरी ते यंत्र बंदच पडतं. पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आमच्या तक्त्यात दोन्हींसाठी एकच नोंद आहे: 'संकेत नाही'.

मी काशिनाथला पहिलं स्पष्टीकरण दिलं. दुसरं दिलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मुलाची शेरवानी आणि तुऱ्याचा फेटा घालून मी बोलत होतो. त्या वेषात माणसाचं बोलणं फारसं खात्रीचं वाटत नसावं.

दादांनी माझी बटणं सोडवली. शेरवानी घडी घालून पिशवीत दिली आणि काशिनाथला म्हणाले, "आने के बाद लाना, फिटिंग कर दूँगा. एक घंटे में."

शनिवार सकाळ, अंबरनाथ

सकाळी घरात मला कोणी काही विचारू नये म्हणून मी देवळात गेलो. अंबरनाथचं शिवमंदिर साडेनऊशे वर्षांचं आहे. लहानपणी आम्ही तिथे परीक्षेच्या आधी जायचो आणि निकालानंतर जायचो नाही, त्यामुळे ते मी नीट पाहिलंच नव्हतं.

समोर कुठल्याशा उत्सवाच्या मंचाचा सांगाडा उभा होता, शेजारून वालधुनी नदी तिच्या सध्याच्या रंगात वाहत होती. अशा जागेकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. मग भिंतीजवळ गेलो. काळ्या दगडाची ती भिंत सरळ अशी कुठेच जात नाही. दर वितीला वळते, आत जाते, बाहेर येते, आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी उभं आहे. खाली हत्तींची रांग. मी मुद्दाम एकसारखे दोन हत्ती शोधत होतो, चुका शोधणं हे माझं काम आहे. अर्धा तास शोधले, सापडले नाहीत. पावसाच्या पाण्याचा निचरा होतो त्याच्या वर एक कोपरा आहे, तिथे मान वाकडी केल्याशिवाय काही दिसत नाही. तिथलीही नक्षी पूर्ण केलेली होती. कोणासाठी?

गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, डोळ्यांना काही दिसेनासं होतं, आणि खाली पोचून वर पाहिलं की छत नाही. शिखर वर मिटलेलंच नाही. काळोखाच्या तळाशी उभं राहून मी आकाशाचा एक तुकडा पाहत होतो. युरोपातली मोठमोठी चर्चं मी पाहिली आहेत; तिथे मान वर जाते ती बांधणाऱ्याची श्रीमंती बघायला. इथे मान वर गेली आणि मला काही सुचेना. असं मला क्वचित होतं.

वर मंडपात कंपनीच्या निळ्या शर्टातला एक माणूस खांबाला टेकून मोबाइलवर बातम्या बघत होता. क्षेपणास्त्रांचे आवाज त्या दगडांत घुमत होते.

"घरी पोरं लावू देत नाहीत," तो मला म्हणाला. "शिफ्ट सुटली की इथे बसतो. थंड असतं."

"काय म्हणतात?"

"काय म्हणणार. तेल महागणार." मग थोडं थांबून, "जहाज पेटवलं म्हणे एक."

"कुठलं?"

"नाव नाय सांगितलं."

मी पायऱ्या उतरताना मोजल्या होत्या. आता तो आकडा आठवेना.

शनिवार दुपार, पालेगाव

घरी वाद चालू होता. तो कशावर होता हे सांगितलं पाहिजे. आपल्याकडे हळद आधी नवऱ्याला लागते. त्याच्या अंगाला लावून उरलेली, ती उष्टी हळद, नवरीच्या घरी जाते आणि तिला लावतात. आगऱ्यांत एकदा का ती नवरीच्या अंगाला लागली की लग्न लागेपर्यंत नवरी उंबरा ओलांडत नाही, आणि लग्नाच्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत अंगावर पाणी घेत नाही. हळद लागली आणि लग्न लागलंच नाही, तर त्या मुलीचं काय, हे वाक्य दिवसभर अनेकांनी सुरू केलं. पुरं कोणी केलं नाही. नवरी, प्राची, बदलापूर गावात वाट बघत होती, आणि इथे हळद लावायला नवरा नव्हता.

पहाटे उतरणारं विमान येऊन गेलं होतं. रोशन त्यात नव्हता. पेटलेल्या जहाजाचं मी कोणाला बोललो नव्हतो.

काशिनाथचा धाकटा भाऊ म्हणत होता की हळद पुढे ढकलू. कोणी म्हणत होतं, ढकलली तर अपशकुन. मग तोच भाऊ म्हणाला, "रोशनचा मोठा फोटो हाय ना, त्याला लावू. उष्टी झाली का पाठवू."

"फोटोला हार घालतात रं," दारातून आवाज आला. "हलद नाय लावीत."

सगळे दाराकडे वळले.

ही बामाबाय, धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि जातो. लग्न खऱ्या अर्थाने लावते ती धवलारीण. मांडवाच्या मेढीपासून हळदीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळे तिला तोंडपाठ असतात. बामाबाय पंचाहत्तरीची, काडीसारखी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तिला अक्षर येत नाही. तिने किती लग्नं लावली हे विचारल्यावर म्हणाली, "मोडलेली सांगू? एक पन नाय."

ती बसली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे वळली.

"तू बाहेरदेशी ऱ्हातस ना? पोऱ्या कनचे वाटंनी यवाचा हाय?"

मी सांगितलं. आखात, मग होर्मुझची सामुद्रधुनी, मग फुजैरा, मस्कत, मग आपला समुद्र.

"होर्मूजचा गावदेव कोन?"

"माहीत नाही."

"या कामान किती वरसां झाली तुला?"

"बावीस."

"बावीस वरसां," तिने सगळ्या बायकांकडे पाहिलं, "आनि गावदेव म्हाईत नाय." बायका पहिल्यांदा हसल्या. "तिथं मानसां ऱ्हातात का?"

"राहतात."

"मंग देव हाय. पानी केवरा रुंद? दोनी आंगांना गावं हायेत?"

"दोन्ही बाजूंना. पण त्यांचं एकमेकांशी..." मी थांबलो. या वाक्याचं उरलेलं अर्धं सांगायला आमच्या कचेरीत एक वेगळा विभाग आहे.

"मंग दोघांना आवतन," बामाबाय म्हणाली. "एकाला केला आनि एकाला नाय, का मानपान व्हतं. मंग लगीन ऱ्हातं बाजूला."

आणि तिने सुरुवात केली. आवाज फार चांगला नव्हता. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा होता आणि तसाच मध्ये न थांबणारा. मागून चार बायका ओळ उचलत होत्या. आधी उंबराच्या फांदीला बोलावलं, मेढीला, पाण्याला, तांदळाला. मग पालेगावचा गावदेव, अंबरनाथचा महादेव, बदलापूरचा गावदेव, खाडीचा, मुंबईच्या बंदराचा. घरापासून सुरुवात करून ती एकेक पाऊल बाहेर जात होती. आणि मग, चालीत जराही फरक न करता:

*मस्कताचे गावदेवा, आवतन घ्या जी घ्या,*
*फुजैऱ्याचे गावदेवा, मांडवान या जी या,*
*होर्मुजाचे ये आंगचे, होर्मुजाचे ते आंगचे,*
*दोघां जना संगतीनं पोऱ्याला घेऊन या जी या.*

मी ही नावं रोज लिहितो. गेले दोन आठवडे ती आमच्या तक्त्यात लाल रंगात होती. टीव्हीवर निवृत्त सेनापती ती छडीने दाखवतात. त्या नावांच्या ठिकाणी कोणाचा तरी गावदेव असेल, तिथेही कोणाच्या तरी मुलाची वाट बघत कोणी बसलं असेल, आणि त्यांनाही लग्नाला बोलावता येतं, हे मला कळायला एका निरक्षर बाईच्या मागे मांडी घालून बसावं लागलं. मी देव मानत नाही. पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो उकाड्यामुळे आला असं लिहायला माझी लेखणी तयार नाही.

गाणं संपलं. "आता हलद," बामाबाय म्हणाली. "वनिते, पाटावं बस."

"मी?"

"तो कोनाचे पोटान व्हता? तुझे आंगातनं आयला ना तो? तुझे आंगाची हलद ती त्याचे आंगाची."

असं पूर्वी कधी झालं होतं का, हे कोणी विचारलं नाही. वहिनी उठल्या, पाटापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "आदी ती तोफांची पाटी उतरवा नाक्यावरची," त्या काशिनाथकडे न पाहता म्हणाल्या. "मंग बसतू."

काशिनाथ स्वतः शिडी घेऊन गेला. दुमजली बॅनर उतरायला वीस मिनिटं लागली; आम्ही सगळे, हळदीचं वाटणही, थांबून राहिलो. तो परत आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि शुभेच्छुकांपैकी तिघांचे चेहरे त्याच्या खांद्यावर गुंडाळलेले होते. मग वहिनी पाटावर बसल्या. बायकांनी त्यांच्या गालांना, हातांना, पावलांना हळद लावली.

"गार हाय गो," एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवार संध्याकाळ, बदलापूर गाव

बामाबायच्या मांडीवर पितळी वाटी, वर केळीचं पान, त्यावर तिचे दोन्ही हात. काशिनाथ गाडी चालवत होता, मी पुढे. पालेगावहून बदलापूरपर्यंत दोन्ही बाजूंना बांधकामं, क्रेन, आणि मध्येच एखाद्या मोकळ्या तुकड्यात बगळे. बदलापूर गाव मात्र अजून गाव आहे: अरुंद गल्ल्या, कौलं, ओट्यावर बसलेली माणसं, जी गाडीत कोण आहे हे गाडी वळायच्या आधी ओळखतात.

प्राचीचे वडील दारातच उभे होते. हळद घ्यावी का नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांच्या मागून प्राची बाहेर आली. ती पंचवीस-सव्वीसची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, बोलणं अगदी मोजकं. ती बामाबायशी नाही, माझ्याशी बोलली.

"काका, तुम्ही विम्यामधले ना? पप्पा म्हणतात सिग्नल मुद्दाम बंद केला असेल. तुम्ही काय म्हणता?"

ओटीवर वीस माणसं होती. मी काशिनाथकडे पाहिलं. मग मी तिला दोन्ही शक्यता सांगितल्या. देवळात ऐकलेली बातमीही सांगितली, आणि पेटलेल्या जहाजाचं नाव माहीत नाही हेही. काशिनाथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"टक्के?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. आमच्या हिशेबाने तो वाईट नव्हता.

तिने मान हलवली. रिपोर्ट वाचतात तशी. मग बामाबायच्या हातातल्या वाटीवरचं पान उचलून आत पाहिलं. "आजी, ही मम्मींच्या अंगाची आहे?"

"व्हय. तुझे सासूचे."

"मग लावा."

"पोरी," वडील म्हणाले, "थांब जरा. उद्या काय कमी-जास्त झालं तं..."

"पप्पा, कमी-जास्त झालं, तर हळद नसली तरी मला तेवढंच होणार आहे."

वडील दारातून बाजूला झाले. ती पाटावर बसली आणि चेहरा वर केला. मी बरीच वर्षं माणसं जोखीम घेताना पाहत आलो आहे. ती नेहमी कुणाच्या तरी वस्तूची असते आणि सही तिसऱ्याची असते.

नंतरचे पाच दिवस

रविवारी लग्न झालं नाही. माझं परतीचं विमान आखातावरून जाणार होतं. ते रद्द झालं. रॉटरडॅमहून शेजारणीचा निरोप आला की बातम्यांत पाहिलं, तू सुरक्षित आहेस ना. तिच्या नकाशावर अंबरनाथ होर्मुझपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावं. त्या आठवड्यात तिची चूक फार मोठी होती असं मला वाटलं नाही.

पालेगावात टीव्ही बंद केला होता. सेनापती आपापसात भांडायला लागले की वहिनी उठून जायच्या. मी रोज सकाळी कचेरीतल्या माणसांना विचारायचो, रोज दुपारी बदलापूरला जायचो. प्राची आतल्या खोलीत, तोंडावर-हातावर वाळून तडे गेलेली हळद घेऊन, मांडीवर लॅपटॉप ठेवून लॅबचे रिपोर्ट टाइप करत असे. केसांना तेल, अंगाला पाणी नाही. गल्लीतल्या बायका आळीपाळीने जेवण आणत. प्राची उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथून मला विचारी.

"आज?"

"आज काही नाही."

"काका, तुम्ही रोज येता आणि रोज काही नाही सांगता. याचा पगार देतात तुम्हाला तिकडे?"

"चांगला देतात."

"मग मीपण येते तिकडे," ती म्हणायची आणि आत जायची. मंगळवारी तिने हे म्हटलं नाही. नुसती मान हलवली.

बुधवारी सकाळी मी काशिनाथकडे भाकरी खात होतो. तीन घरांतून एकदम ओरडा झाला. काशिनाथ ओरडला नाही. फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघ, त्योच हाय का. नंबर बघ." फुजैराच्या बाहेर, नांगर टाकलेल्या जहाजांत, एक लाल बाण. मी जहाजाचा नंबर पाहिला, परत पाहिला. तोच होता. काशिनाथ मोरीत हात धुवायला गेला. हात धुवायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ नळ चालू होता.

तिथून विमानं नव्हती. रोशनला जहाजावरून उतरवून गाडीने मस्कतला नेलं, आणि गुरुवारी सकाळी तो मुंबईत उतरला. त्याने विमानाची वेळ एवढीच कळवली होती; काशिनाथ आणि मी विमानतळावर होतो. पोरगा अर्धा झाला होता, दाढी वाढलेली, बॅगेची चेन तुटून दोरी बांधलेली. गाडीत बसल्यावर त्याने पहिलं विचारलं ते घरचं नाही. "हळद झाली का?"

"झाली. शनवारीच," काशिनाथ म्हणाला.

"कुणाला लावली?"

काशिनाथने सांगितलं. रोशन खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "पयला बदलापूर."

"आरं, आदी घरी जावाचा अस्तं. नवरीचा तोंड..."

"पप्पा, पयला बदलापूर."

गाडी गल्लीत वळायच्या आधीच ओट्यांवरची माणसं उठली होती. प्राची उंबऱ्याच्या आत उभी होती. पाच दिवसांची हळद कपाळावर भेगाळलेली, केस चिकटलेले, अंगात जुना ड्रेस. तो अंगणात थांबला. बॅग हातात तशीच. पुढे यायची त्याला हिंमत झाली नाही, आणि तिला यायची परवानगी नव्हती. मध्ये एक उंबरा आणि चार पावलं. सगळी गल्ली बघत होती.

"सॉरी," रोशन म्हणाला. "बंद ठेवायला सांगितलं होतं सगळं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, मग परत वर. मग आत वळून आवाज दिला.

"मम्मी, पाणी तापव."